बँक्रप्ट, इन्सॉल्व्हंट, ब्रोक, बस्ट... सगळ्यांना 'दिवाळखोर'च लिहायचं का?

टायटलवाली_ताई

नमस्कार मंडळी. मी इंग्लिश मालिकांची मराठी सबटायटल्स करते. सध्या हातात आहे ती मालिका सगळी बँका, शेअर बाजार आणि कर्जं ह्याच्यावर आहे आणि त्यात माणसं इतक्या तऱ्हांनी बुडतात की विचारू नका. एक म्हणतो आय ॲम ब्रोक, दुसरी म्हणते द कंपनी इज इन्सॉल्व्हंट, मग कोणीतरी बस्ट होतं, कोणी डिफॉल्ट करतं, कोणी लिक्विडेशनमध्ये जातं, आणि एक म्हातारा वकील मध्येच म्हणतो की तो आता कॅरी स्ट्रीटवर आहे, तर हा रस्ता मध्येच कुठून आला ते कळेना. सगळीकडे 'दिवाळं निघालं' लिहिलं तर एका भागात डझनभर दिवाळ्या होतील.

तर प्रश्न असे की ह्या शब्दांत खरंच फरक आहे की इंग्रजांना नुसती हौस? बँक्रप्टमधली बँक तीच का आपली पैशाची बँक, आणि तसं असेल तर मग रप्ट म्हणजे काय? आणि इन्सॉल्व्हंटचा त्या नेलपॉलिश काढायच्या सॉल्व्हंटशी काही संबंध आहे का, का उगाच सारखं दिसतं? जाणकारांनी उजेड पाडावा. डिक्शनरी बघ असं सांगणाऱ्यांना आगाऊ नमस्कार, बघितलीय, तिथे एका शब्दाचा अर्थ दुसरा शब्द आणि दुसऱ्याचा पहिला असं दिलंय.

खोडसाळ_नाना

ब्रोकचं मला माहितेय ताई, परवाच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं. पूर्वी म्हणे युरोपातल्या बँका गिऱ्हाइकाला चिनी मातीची एक छोटी फरशी द्यायच्या, तिच्यावर त्याचं नाव आणि उधारीची मर्यादा लिहिलेली. पैसे मागायला गेलं की फरशी दाखवायची, आणि मर्यादा संपली की कारकून तिथल्या तिथे ती फोडून टाकायचा. झाला माणूस ब्रोक! खाली 'दहा जणांना पाठवा' असंही होतं, नाही पाठवलं तर आपलंच दिवाळं निघायचं म्हणून इथे चिकटवतोय. हलकेच घ्या.

चष्मिष

नाना, ती फरशी आली तशी ग्रुपवर परत पाठवा. ही गोष्ट इंटरनेटवर कित्येक वर्षं फिरतेय आणि तिला काडीचाही आधार नाही. ब्रोक हे ब्रेकचंच जुनं रूप आहे, पूर्वी ब्रोकनच्या जागी नुसतं ब्रोक चालायचं. आणि व्यापारी 'ब्रेक' झाला म्हणजे त्याचा धंदा मोडला हा अर्थ इंग्लिशमध्ये जुनाच, शेक्सपिअरच्या काळीसुद्धा लोकांना तो समजत होता. आपणही म्हणतोच की अमक्याचा कारखाना मोडीत निघाला, त्यासाठी फरशी कशाला फोडायला पाहिजे.

आता बँक्रप्ट. हा शब्द इंग्लिशमध्ये सोळाव्या शतकात आला, इटालियन 'बांका रोत्ता' वरून, फ्रेंचमार्गे. बांका म्हणजे बाक, रोत्ता म्हणजे मोडलेला. फ्लॉरेन्स, जिनोआ, व्हेनिस इकडचे सराफ बाजारात बाकावर नाणी मांडून बसायचे, तो बाक म्हणजेच त्यांची पेढी, आणि त्याच बाकावरून पुढे बँक झाली. त्यामुळे हो ताई, बँक तीच, पण तिच्याही आधी ते फर्निचर होतं. गंमत म्हणजे इटालियन लोकांनी हा शब्द मुळात जर्मन टोळ्यांच्या भाषेतून उचललेला, आणि इंग्लिशमधला बेंच त्याच घराण्यातला. म्हणजे बेंच घरचाच होता, बँक परदेशी जाऊन शिकून आली. बँक्वेट पण ह्याच बाकावरचं, आणि माउंटबँक म्हणजे बाजारात बाकावर चढून औषधं विकणारा भोंदू, तोही ह्यांचाच नातेवाईक. जेवणावळ, वैदू आणि दिवाळं, सगळे एकाच बाकावर.

रप्टचं असं की फ्रेंच रूप होतं बांकरूट. सोळाव्या शतकातल्या इंग्रज पंडितांना लॅटिनचं भारी वेड, त्यांनी शेवटच्या तुकड्याला लॅटिन 'रुप्तुस' म्हणजे तुटलेला असा वेष चढवला आणि त्यात तो प घुसला. रप्चर, करप्ट, इंटरप्ट, अबरप्ट सगळ्यांत हाच तुटका तुकडा आहे. डेट ह्या शब्दात जो न उच्चारायचा ब आहे ना, तोही ह्याच मंडळींची कृपा. फ्रेंचमधून आला तेव्हा तो साधा 'देत' होता, मग कोणाला तरी लॅटिन देबितुम आठवलं आणि तेव्हापासून शाळेतली पोरं त्या ब पायी मार्क घालवतायत.

आणि बुडालेल्या सराफाचा बाक खरोखर कुऱ्हाडीने फोडायचे ही गोष्ट सगळीकडे छापलेली असते, पण तशी रीत होती ह्याचा पुरावा फार पातळ आहे. 'बाक मोडला' हा नुसता वाक्प्रचार असणंच जास्त पटतं. आपल्याकडे कोणी 'बूड टेकायला जागा नाही' म्हणालं तर आपण काय खुर्च्या मोजतो का.

मांडवीकाठ

अवांतर: गोव्यात आम्ही बसायच्या बाकाला बांकच म्हणतो, पोर्तुगीज बांको वरून. आणि पोर्तुगीजमध्ये पैशाची बँक पण बांकोच. त्यामुळे चष्मिष सांगतायत ते आमच्या आज्यांना शिकवायला लागायचं नाही, बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, बांकावर बसूनच त्यांचे सगळे देणेघेणेचे व्यवहार.

खोडसाळ_नाना

म्हणजे बाक पण फोडत नव्हते? हे तर फारच सौम्य लोक निघाले. काहीतरी शिक्षा असेलच की बुडव्यांना.

चष्मिष

होती ना, बाकापेक्षा भारी आणि ही खरी. इटलीत पादुआ म्हणून गाव आहे, तिथल्या जुन्या न्यायवाड्यात, पलाझ्झो देल्ला राजोने त्याचं नाव, भल्यामोठ्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काळ्या दगडाचा एक चौथरा आजही आहे. नाव 'पिएत्रा देल व्हितुपेरिओ', म्हणजे बेइज्जतीचा दगड. १२३१ सालच्या ठरावाप्रमाणे ज्याला कर्ज फेडता येत नाही त्याने लोकांची गर्दी जमवून, अंगात फक्त सदरा आणि आतली चड्डी एवढ्यावर, त्या दगडावर तीन वेळा बूड आपटून बसायचं आणि दर वेळी 'चेदो बोनिस' म्हणायचं. म्हणजे माझं जे काय आहे त्यावर पाणी सोडलं. मग गाव सोडून जायचं. आणि सावकारांना न विचारता परत आला तर पुन्हा तोच कार्यक्रम आणि वर डोक्यावर तीन बादल्या पाणी.

ऐकायला भयंकर वाटतं, पण हा त्या काळचा दयाळू कायदा बरं का. त्याआधी सरळ तुरुंगात घालायचे, ते बंद करून हे आणलं ते संत अँथनीच्या रदबदलीने, हो तेच पादुआचे संत अँथनी ज्यांची हरवलेल्या वस्तूंसाठी प्रार्थना करतात. इटालियनमध्ये अजून 'नुसत्या कापडी चड्डीवर राहिला' असा वाक्प्रचार आहे तो ह्यावरूनच आला म्हणतात. फ्लॉरेन्सला पण नव्या बाजाराच्या मंडपात जमिनीत संगमरवरी चकती आहे, तिथेही तसंच, कर्जबुडव्याचं उघडं बूड दगडावर आपटायचे.

खोडसाळ_नाना

बुडाला तो बुडावर बसला. मराठी भाषेला हे आधीच माहीत होतं.

कोर्टाची_पायरी

उशिरा आलो, पण ताईंच्या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. इन्सॉल्व्हंट आणि बँक्रप्ट हे दोन वेगळे आहेत आणि कोर्टात ह्या फरकावर पैसे मोजले जातात. इन्सॉल्व्हंट ही परिस्थिती, म्हणजे देणी आली की भागवता येत नाहीत, नाहीतर देणी मालमत्तेपेक्षा जास्त झालीत. बँक्रप्ट हा शिक्का, तो कोर्ट किंवा न्यायाधिकरण मारतं. माणूस दहा वर्षं इन्सॉल्व्हंट राहून मजेत लग्नाचे हॉल बुक करू शकतो, जोवर कोणी कोर्टात जात नाही तोवर तो बँक्रप्ट नाही. ताप आणि ॲडमिट केल्याचा कागद ह्यात जेवढा फरक तेवढा समजा.

आणि हा फरक आजचा नाही. इंग्लंडचा पहिला बँक्रप्टसीचा कायदा आठव्या हेन्रीचा, १५४२ चा, आणि त्यात बँक्रप्ट म्हणजे चोर. उधारीवर माल उचलायचा आणि पळून जायचं किंवा घरात दडून बसायचं, अशा लोकांविरुद्ध तो कायदा होता. १५७१ मध्ये एलिझाबेथच्या काळात ठरलं की बँक्रप्ट फक्त व्यापारी होऊ शकतो. साधा पगारदार, शेतकरी, जमीनदार ह्याचं कर्ज थकलं तर तो नुसता इन्सॉल्व्हंट डेटर, आणि त्याची जागा तुरुंगात. उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे, चार्ल्स डिकन्सचे वडील. जॉन डिकन्स नौदलाच्या पगार कचेरीत कारकून, १८२४ मध्ये एका बेकरीवाल्याचे चाळीस पौंड थकले म्हणून मार्शलसीच्या तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायला लागला. ते व्यापारी नव्हते म्हणून बँक्रप्ट होऊन सुटायची सोयच नव्हती, शेवटी इन्सॉल्व्हंट लोकांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली बाहेर आले. बिगरव्यापाऱ्याला बँक्रप्ट व्हायचा हक्क (हो, हक्कच म्हणायचा) मिळाला तो १८६१ ला, आणि कर्जापायी तुरुंग बराचसा बंद झाला १८६९ ला.

हक्क म्हणतोय कारण १७०६ पासून बँक्रप्ट व्यापाऱ्याला एक सवलत होती. सगळी मालमत्ता प्रामाणिकपणे दाखवून दिली तर उरलेलं कर्ज माफ. डॅनियल डिफो, तो रॉबिन्सन क्रूसोवाला, १६९२ मध्ये सतरा हजार पौंडांना बुडाला होता आणि असा कायदा व्हावा म्हणून तो बरंच लिहीत होता. पण मालमत्ता लपवली तर त्याच कायद्यात फाशी! १७६१ मध्ये लंडनमधला जॉन पेरट नावाचा कापड व्यापारी ह्याच गुन्ह्यासाठी फासावर गेला. अशा फाश्या झाल्या मोजक्याच, पण कायद्यात ती शिक्षा १८२० पर्यंत होती.

आता आपल्याकडे. २०१६ च्या संहितेचं नावच इन्सॉल्व्हन्सी अँड बँक्रप्टसी कोड, मराठीत 'नादारी व दिवाळखोरी संहिता'. तर ताई, तुमचं उत्तर तिथेच आहे, इन्सॉल्व्हन्सी म्हणजे नादारी आणि बँक्रप्टसी म्हणजे दिवाळखोरी. कंपनी न्यायाधिकरणात गेली की पेपरवाले 'कंपनी दिवाळखोर' छापून मोकळे होतात. तसं नसतं. आधी नादारी निवारणाची प्रक्रिया चालते, कोणी घेणारा मिळाला तर कंपनी जगते. भूषण स्टील २०१८ मध्ये टाटा स्टीलने घेतली ती अशीच. नाही जमलं तर लिक्विडेशन म्हणजे अवसायन, मालमत्ता विकून देणी भागवायची आणि कंपनी गुंडाळायची. जेट एअरवेज २०१९ ला आत गेली, योजना मंजूर होऊनही घोडं अडलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अवसायनाचा आदेश दिला. आणि साध्या माणसाला अजून जुनेच कायदे लागतात, मुंबई-कोलकाता-चेन्नईसाठी १९०९ चा, बाकी देशाला १९२० चा. मूळ कायद्यात पाचशे रुपये कर्ज असलं तरी अर्ज करता येतो, आज पाचशे रुपयांत दोन माणसं धड जेवत नाहीत.

अजून एक, राज्यघटनेच्या १०२ व्या कलमाप्रमाणे अनडिस्चार्ज्ड इन्सॉल्व्हंट, म्हणजे कोर्टाने अजून मोकळा न केलेला नादार माणूस खासदार होऊ शकत नाही. त्यामुळे पुढाऱ्यांवर चालणाऱ्या मालिकेत हा शब्द आला तर दिवाळखोर लिहून टाकू नका, तिथे तो नेमका शब्द आहे.

गोदाकाठचे_आप्पा

नादारी शब्द वाचून बरं वाटलं. आमच्या शाळेत नादारी म्हंजे फी माफी. बाप गरीब हाय म्हणून तलाठ्याचा दाखला आणायचा, हेडमास्तरला द्यायचा, मग यादीत नाव लागायचं. अर्धी नादारी, पूर्ण नादारी असं असायचं. मला पूर्ण नादारी होती आन् मी ते मोठ्या तोऱ्यात सांगायचो, स्कॉलरशिपच वाटायची ती. ना-दार, ज्याच्याजवळ काही नाही तो. फारसी शब्द हाय. आता कळालं की त्याच शब्दात मोठमोठ्या विमान कंपन्या पण बसल्या, म्हंजे आमच्याच वर्गातल्या की हो त्या.

आन् दिवाळं शब्दाचं आमचे आजोबा असं सांगायचे की पेढीवाला बुडाला की भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, लोकांनी समजून घ्यायचं. पायरी साहेब, तुमची माहिती लई कामाची.

चष्मिष

आप्पा, नादारीचं एक नंबर. पायरीसाहेबांच्या उत्तराला माझी शेपटी जोडतो, कारण ताईंचा सॉल्व्हंट राहिलाच. संबंध आहे आणि अगदी थेट आहे. लॅटिन सॉल्व्हेरे म्हणजे सोडणे, सैल करणे. त्यावरून सॉल्व्ह, सोल्यूशन, डिझॉल्व्ह, ॲबसॉल्व्ह. नेलपॉलिशचा सॉल्व्हंट रंगाची पकड सोडवतो, आणि सॉल्व्हंट माणूस कर्जाच्या गाठीतून स्वतःला सोडवू शकतो. इन्सॉल्व्हंटला ती गाठ सुटत नाही. मराठी माणसाला तर हे समजावायला लागू नये, आपण गणित सोडवतो आणि सोनाराकडचे दागिने पण सोडवतो. आणि फेडणे बघा, गाठ फेडतात, धोतर फेडतात आणि कर्जही फेडतात. रोमन लोक जसा विचार करत होते तसाच आपण केला, दोघांना एकमेकांचा पत्ता नसताना.

डिफॉल्ट आणि फेल हे मात्र वेगळ्या जातीचे, जरा वाईट वळणाचे. दोन्हींच्या मुळाशी लॅटिन फाल्लेरे, म्हणजे फसवणे. फॉल्स, फॉल्ट, फॅलसी ही त्याचीच पोरं. त्या धातूतूनच फ्रेंचमध्ये दिवाळखोरीला फायीत म्हणतात आणि इटालियनमध्ये फाल्लिमेंतो. मला हे विचित्र वाटतं की आज बँक 'फेल' झाली म्हटलं की आपण नुसतं अपयश ऐकतो, त्यातली फसवणूक पार पुसून गेलीय. आणि फ्रेंचांनी तर उलटापालट केली, त्यांच्याकडे साधं बुडणं म्हणजे फायीत, आणि बांकरूट म्हणजे लबाडीने बुडणं, त्याला फौजदारी. म्हणजे जो शब्द इंग्लिशमध्ये येऊन सभ्य झाला तो फ्रेंचांकडे अजून गुन्हेगार आहे. आठव्या हेन्रीच्या अर्थाशी ते प्रामाणिक राहिले म्हणायचं.

बस्टमध्ये काही खोल नाही. अमेरिकनांनी बर्स्टमधला र गिळला, जसा हॉर्सचा हॉस आणि कर्सचा कस केला. फुगा फुटला, संपलं. संगमरवरी पुतळ्याचा बस्ट वेगळा, तो इटालियन आहे, त्याला ह्यात ओढू नका.

टेम्सकाठचा_पंत

लंडनमधून हजेरी. ताई, कॅरी स्ट्रीट खरोखरचा रस्ता आहे, मोठ्या हायकोर्टाच्या मागच्या अंगाला, आणि दिवाळखोरीचं कोर्ट तिथे होतं म्हणून 'कॅरी स्ट्रीटवर गेला' म्हणजे कंगाल झाला. आता तरुण पोरांच्या तोंडी फारसं येत नाही, तुमचा म्हातारा वकील आहे म्हणून शोभतं. मराठीत रस्त्याचं नाव ठेवू नका, 'कोर्टाची पायरी चढला' करा, इथल्या आयडीची परवानगी घेऊन.

इकडे रोजच्या बोलण्यात ब्रोकपेक्षा स्किंट जास्त चालतं, महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर माझ्या ऑफिसात निम्मी जनता स्किंट असते. ते स्किन्डचंच रूप, म्हणजे सोलून काढलेला. आणि त्यावर लंडनच्या पूर्व भागातल्या लोकांनी यमकाची करामत केली, स्किंटला यमक 'बोरॅसिक लिंट', ती जखमेवर लावायची औषधी पट्टी, मग लिंट गाळून नुसतं बोरॅसिक, आणि बोलताना त्याचं ब्रॅसिक. त्यामुळे कोणी आय ॲम ब्रॅसिक म्हणालं तर समजून जा, चहाचे पैसे तुम्हालाच द्यायचेत.

आणखी एक महत्त्वाचं, मालिका ब्रिटिश आहे की अमेरिकन ते बघा. इंग्लंडमध्ये बँक्रप्ट फक्त माणूस होतो, कंपनी कधीच नाही. कंपनी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे नेमलेल्या प्रशासकाच्या हाती जाते नाहीतर लिक्विडेशनमध्ये. अमेरिकेत माणूस काय, कंपनी काय, सगळे बँक्रप्टसीच फाइल करतात, पण चॅप्टर ११, म्हणजे तिकडच्या दिवाळखोरी कायद्याचं अकरावं प्रकरण, लावलं म्हणजे दुकान बंद असं नाही, कोर्टाच्या छत्रीखाली धंदा चालू ठेवून कर्जाची नवी मांडणी. जनरल मोटर्स १ जून २००९ ला आत गेली आणि १० जुलैला नवी कंपनी बाहेर पडली. लेहमन ब्रदर्सने पण १५ सप्टेंबर २००८ ला चॅप्टर ११ च लावला होता, ती काही उठली नाही. चॅप्टर ७ म्हणजे मात्र विकून वाटप, विषय संपला.

टायटलवाली_ताई

अरे बापरे, तुम्ही सगळ्यांनी एका दिवसात माझा महिन्याचा अभ्यास करून दिलात. पायरीसाहेब, नादारी शब्द मी आजपासून वापरणार, फक्त अडचण अशी की एका ओळीत बेचाळीसच अक्षरं बसतात आणि 'कंपनी नादारी निवारण प्रक्रियेत दाखल झाली आहे' लिहीपर्यंत पात्र मरून जातं. 'कंपनी नादार ठरली' चालेल का?

मालिका ब्रिटिश आहे, पंत. म्हणजे कंपनीला बँक्रप्ट म्हणणारा एकच अमेरिकन पाहुणा आहे तो त्यामुळेच असणार, आता कळलं.

आता पुढचा डोस. शेवटच्या दोन भागांत रुइन, डिझास्टर, डिबॅकल असे मोठे मोठे शब्द आहेत, आणि शेअर दलालाला लेम डक म्हणतात. लंगडं बदक लिहू का? आणि एका ठिकाणी श्रीलंकेचा उल्लेख आहे २०२२ चा, कंट्री डिफॉल्टेड. देश दिवाळखोर?

कोर्टाची_पायरी

'नादार ठरली' चालेल असं मी कोर्टात म्हणणार नाही, टीव्हीवर म्हणेन.

देशाला दिवाळखोर लिहू नका. देशाचं दिवाळं काढणारं कोर्टच जगात नाही, त्याचा अवसायक कोण आणि लिलाव कशाचा. १२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचं जाहीर केलं, ते डिफॉल्ट. 'कर्जफेड थांबवली' किंवा 'कर्ज थकवलं' बास. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डनेही फ्लॉरेन्सच्या सावकारांचं कर्ज थकवलं होतं, १३४० च्या दशकात बार्डी आणि पेरुझ्झी ह्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या त्याचं ते एक मोठं कारण सांगतात. राजा राज्य करत राहिला, बाक सराफांचे मोडले.

चष्मिष

लेम डक आधी, कारण तो मला सगळ्यात आवडतो. अठराव्या शतकातल्या लंडनच्या शेअर बाजारातला शब्द. बाजार भरायचा एका गल्लीत, एक्सचेंज अ‍ॅली, कॉफीच्या दुकानांमधून. ज्या दलालाला हिशोबाच्या दिवशी भावातला फरक भरता आला नाही तो लेम डक, आणि तो गल्लीतून 'वॉडल' करत, म्हणजे बदकासारखा डुलत डुलत बाहेर गेला असं म्हणायचे. होरेस वॉलपोल ह्या इंग्रज लेखकाच्या १७६१ च्या पत्रात बुल आणि बेअरच्या जोडीला हे बदक आहे. बुल-बेअर आजही रोज पेपरात, बदक मात्र अमेरिकेत गेलं आणि राजकारणी झालं, निवडणूक हरलेला पण खुर्ची न सोडलेला नेता. तुमच्याकडे दलालासाठी आलंय म्हणजे लेखकाने अभ्यास केलाय. मी 'हात वर केले' लिहीन, बाजारात तेच म्हणतात.

रुइन लॅटिन रुएरे वरून, धाडकन कोसळणे. आधी इमारत कोसळायची, मग माणसं कोसळायला लागली, आणि अनेकवचन केलं की पर्यटक तिकीट काढून बघायला येतात. 'ही इज रुइन्ड' ला दिवाळखोर नकोच, त्यात पैशापेक्षा जास्त काहीतरी गेलेलं असतं. वाटोळं झालं, धूळधाण झाली, पुरता धुळीला मिळाला, जसं पात्र असेल तसं. डिझास्टर म्हणजे फिरलेला तारा, इटालियन दिसास्त्रो. साडेसाती लिहायचा मोह होईल, विनोदी प्रसंग असेल तर आवरू नका. डिबॅकल म्हणजे फ्रेंचमध्ये गोठलेल्या नदीवरचा बर्फ फुटणे. थर तडकतो, लोंढा सुटतो आणि वाटेतलं सगळं वाहून जातं. एक बँक पडली की मागोमाग चार पडतात त्याला हा शब्द बरोब्बर बसतो.

मुंबईने हा प्रकार १८६५ मध्ये पाहिलाय. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, बॅकबे भरणीच्या आणि कसल्या कसल्या कंपन्यांचे शेअर घ्यायला सगळं शहर धावलं. एप्रिलमध्ये युद्ध संपत आलं, ती बातमी आली आणि भाव कोसळले, शेअर बाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद रस्त्यावर आले, बँक ऑफ बाँबे त्यात गाळात गेली आणि १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. राजाबाई टॉवर ज्यांनी आईच्या नावाने बांधायला पैसे दिले ते हेच प्रेमचंद, पैसे आधी दिले होते म्हणून टॉवर तरी झाला.

गोदाकाठचे_आप्पा

दोघांनी पण १७६१ साल लिहिलं, तिकडं कापडवाला फासावर आन् बदक गल्लीबाहेर. आपल्याकडं त्याच साली पानिपत. आन् बघा आपण आजून म्हणतो, निवडणुकीत अमक्याचं पानिपत झालं. त्याची बातमी पेशव्याला कळली ती पण सावकारी पत्रात अशी सांगतात, दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. भाऊ आन् विश्वासराव मोती. लढाईतली माणसं चोपडीतल्या खोटीसारखी लिहिली. टायटलवाली ताई, तुमच्या मालिकेत रुइन आला तर 'पानिपत झालं' लिहा की.

टेम्सकाठचा_पंत

आप्पा, इंग्रज तिथे 'वॉटर्लू झालं' म्हणतात, फक्त ती लढाई ते स्वतः जिंकले होते. दुसऱ्याच्या पराभवावर वाक्प्रचार करायचा आणि त्याच नावाचं स्टेशन बांधायचं. रोज तिथे गाडी बदलतो मी.

टायटलवाली_ताई

आप्पा, पानिपत घेतलं! शेवटच्या भागात एक मालक बोर्ड मीटिंगमधून बाहेर येऊन रुइन्ड एवढंच म्हणतो, तिथे फिट्ट बसतंय आणि ओळीत जागाही उरतेय.

खोडसाळ_नाना

माझा पण एक प्रश्न घ्या. गो टू पॉट? आमचे बॉस सारखे म्हणतात की कंपनी पॉटमध्ये चाललीय. कुठलं पॉट ते विचारायची हिंमत होत नाही.

चष्मिष

स्वयंपाकघरातलं, घाबरू नका. मटण तुकडे करून पातेल्यात टाकलं की त्याचं पुढे जे होतं ते. सोळाव्या शतकापासून आहे.

खोडसाळ_नाना

तुकडे कोणाचे हे पण विचारत नाही मग.